5 टक्के निधी आणि ठरावातली एक ओळ

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा महाराष्ट्रात नियम आहे. पूर्वी 3 टक्के होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर 5 झाले. तरी कितीतरी गावांच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधूनही सापडत नाही.

हा निधी मिळावा म्हणून आम्ही मोहीम काढली. आमचं पहिलं पोस्टर फुकट गेलं. ‘दया नको, हक्क हवा.’ सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण त्यात कुणाला काही करायचंच नव्हतं. सोशल मार्केटिंग, म्हणजे लोकांना एखादी समाजोपयोगी कृती करायला लावणारा प्रचार, सुरू होतं ते ‘कुणी, काय करायचं?’ इथून. इथे उत्तर दोन माणसांपुरतं होतं: सरपंच आणि ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) यांनी ठरावात 5 टक्के निधीची एक ओळ घालायची.

मग पत्रकावर नुसता हिशेब छापला. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं मिळून समजा 8 लाख, तर 5 टक्के म्हणजे 40 हजार. यात वित्त आयोगाचा, म्हणजे सरकारकडून येणारा, निधी धरायचा नाही. तो धरून आकडा फुगवलात की ग्रामसेवक तिथल्या तिथे खोडतो, मग तुमचं खरंही कुणी ऐकत नाही.

ग्रामसेवकाचा बहुतेक वेळा विरोध नसतो. ऑडिटमध्ये आक्षेप निघेल याची धास्ती असते. त्यावर भाषण उपयोगाचं नाही, तयार कागद लागतात: ठरावाचा मसुदा, यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) क्रमांकासह दिव्यांगांची यादी आणि प्रत्येकापुढे त्याची गरज. यादी करताना कुबड्या आणि व्हीलचेअरच डोळ्यांपुढे येतात. कायद्यात 21 प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, मानसिक आजार हमखास सुटतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टरचा नुसता फोटो टाकू नका, अंध माणसाला त्यातलं काही कळत नाही. तोच मजकूर टाइप करा, सोबत अर्ध्या मिनिटाची ऑडिओ क्लिप. (ज्यांच्यासाठी मोहीम, त्यांनाच ती वाचता येत नाही, हे सर्रास चालतं.)

गाठायची ती 26 जानेवारीची ग्रामसभा. 1 मेला गेलात तर त्या वर्षाचं अंदाजपत्रक होऊन गेलेलं असतं. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातला कमी आकडा लागतो. तेवढी माणसं आणायची तयारी ठेवा. सभा जिन्यावरच्या हॉलमध्ये असेल तर जागा बदलून द्या असं आधीच लेखी द्या.

ठराव झाला की त्याच आठवड्यात नक्कल मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज: जोडपत्र ‘अ’, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, मुदत 30 दिवस.