लीड्समध्ये भेटला राजाबाई टॉवरवाला स्कॉट

मागच्या शनिवारी लंडनहून लीड्सला एका दिवसात जाऊन आलो, खास जुन्या इमारती बघायला. किंग्ज क्रॉसहून गाडीला साधारण सव्वादोन तास लागतात, तिकीट आधीच काढा, आयत्या वेळी फार महाग पडतं. अर्धा तास लवकर पोचलात तर शेजारचं सेंट पँक्रस स्टेशन बघून घ्या, पुढचं लाल विटांचं हॉटेल जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं, ज्याने मुंबईचा आपला राजाबाई टॉवर डिझाइन केला तोच.

लीड्सला स्टेशनपासून सगळं पायी होतं. आधी टाउन हॉल. हल गावचा वास्तुविशारद कथबर्ट ब्रॉड्रिक ऐन तिशीत त्याच्या डिझाइनची स्पर्धा जिंकला आणि १८५८ला राणी व्हिक्टोरियाने येऊन उद्घाटन केलं. खांब, मनोरा, पुढे चार दगडी सिंह, भव्यच आहे. दुरुस्तीचं मोठं काम काढलेलं, त्यामुळे आत जायचं असेल तर आधी चौकशी करा. पण माझा पाय तिथं फार टिकला नाही, कारण मागच्याच ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर लीड्स जनरल इन्फर्मरी हे हॉस्पिटल आहे, १८६०च्या दशकातलं, आणि तेही स्कॉटचं! टोकदार कमानी, कमानींखाली बारीक खांब, बघता बघता एकदम ओव्हल मैदानाच्या बाजूने मुंबई विद्यापीठाकडे बघतोय असंच वाटलं, कॉलेजची तीन वर्षं त्याच टॉवरचे ठोके ऐकत घालवलीत मी, अंगावर काटा आला. स्कॉट मुंबईला कधी आलाच नाही, नकाशे इंग्लंडहून पाठवले, तरी हात ओळखू येतो. फक्त इथं लाल वीट आणि आपल्याकडे कुर्ल्याचा पिवळसर दगड.

हे चालू हॉस्पिटल आहे, त्यामुळे पेशंटच्या मधेमधे न करता पलीकडच्या फुटपाथवरून फोटो काढा. दर्शनी बाजू दक्षिणेला आहे, दुपारचं ऊन छान पडतं.

मग कॉर्न एक्स्चेंज, परत ब्रॉड्रिक. लंबगोल इमारत, वर मोठा घुमट, धान्य नीट पारखता यावं म्हणून छताला उत्तरेकडून उजेड घेतलाय. आता आत दुकानं आहेत, वरच्या गॅलरीत जाऊन घुमट बघाच. तिथून दोन मिनिटांवर कर्कगेट मार्केट, त्यातला १९०४चा हॉल राजा सातव्या एडवर्डच्या काळातला, लीमिंग या वास्तुविशारद बंधूंचा, सज्जाखाली बिडाचे ड्रॅगन आहेत, मान वर करून बघा. मार्केट रविवारी बंद, म्हणून शनिवारच बरा. जेवण तिथंच उरका.