शेफील्ड पार्कची लाल पानं आणि बाबांचं क्रिकेट

आईबाबा यंदा ऑक्टोबरात आमच्याकडे आले होते, आणि मी ठरवलंच होतं की लंडन एकदा फिरून झालं की त्यांना ससेक्सला न्यायचं, कारण इकडचा ऑटम बघायला सकाळी निघून रात्री परत येता येतं. क्रॉयडनहून गाडीने सव्वा तासावर शेफील्ड पार्क आहे. एका जुन्या जमीनदारी वाड्याची ही बाग १९५४ पासून नॅशनल ट्रस्टकडे (जुन्या वास्तू आणि बागा जपणारी इथली संस्था) आहे, वाड्यात मात्र लोक राहतात त्यामुळे तो फक्त बाहेरून बघायचा.

मधोमध तळी आणि चहूबाजूंनी झाडं. १८व्या शतकात कॅपेबिलिटी ब्राउन या नामवंत बागरचनाकाराने इथे काम केलं होतं, पण आज आपण जे रंग बघायला जातो ते आर्थर सोम्स या नंतरच्या मालकामुळे, त्याने १९१० मध्ये ही जागा घेतली आणि ऑटममध्ये पेटतील अशी झाडं मुद्दाम लावली. ट्युपेलो नावाचा वृक्ष तर इतका लाल झाला होता की आई त्याच्यासमोरून हलेना. पानातलं हिरवं द्रव्य संपलं की आधीपासून असलेला पिवळा दिसायला लागतो, पण लाल रंग नव्याने तयार होतो, त्याला दिवसा ऊन आणि रात्री गारठा लागतो. आम्ही गेलो त्याआधीचा आठवडा नेमका तसाच गेला होता, नशीबच म्हणायचं. तळ्यात वारा नव्हता म्हणून सगळं उलटं तसंच्या तसं दिसत होतं.

बाबा मात्र गप्प होते. झाडांत त्यांना फारसा रस नाही हे मला माहीत होतं, म्हणून जेवण झाल्यावर (आईने तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या, थर्मासमध्ये चहा) त्यांना तिथल्या क्रिकेटच्या मैदानाकडे नेलं. साधं हिरवं मैदान, कडेने झाडं. ऑस्ट्रेलियाची शेफील्ड शील्ड (आपल्या रणजी ट्रॉफीसारखी तिथली स्पर्धा) आहे ना, ती शेफील्ड शहराच्या नावाची नाही, या इस्टेटीच्या लॉर्ड शेफील्डच्या नावाची आहे. त्याने दिलेल्या १५० पौंडांतून ती शील्ड झाली. इंग्लंड दौऱ्यावर आलेला ऑस्ट्रेलियन संघ पहिली मॅच इथे खेळायचा, आणि १८९६ साली त्यांच्याविरुद्ध लॉर्ड शेफील्डच्या संघातून इंग्लंडचा दिग्गज डब्ल्यू. जी. ग्रेस याच्याबरोबर आपला रणजी, म्हणजे ज्याच्या नावाची रणजी ट्रॉफी तो, खेळला होता!

"म्हणजे शेफील्ड शील्ड आणि रणजी ट्रॉफी, दोन्ही नावं या एकाच मैदानावर?" बाबांनी दोनदा विचारलं. मग ते पिच असेल त्या दिशेला तोंड करून बराच वेळ उभे राहिले आणि त्यांना तसं बघून मला फार बरं वाटलं, त्या ट्युपेलोपेक्षाही.

तिथून पाऊण तासात बर्लिंग गॅप हा समुद्रकिनारा. ट्रस्टची मेंबरशिप असेल तर पार्किंगही फुकट, आणि वर्षातून चार-पाच बागा बघणार असाल तर ती घ्याच. लोखंडी जिना उतरून खाली गेलं की कोकणातली मऊ वाळू विसरायची, नुसत्या गारगोट्या, चालताना पाय मुरगळतो म्हणून चांगले बूट हवेतच. वर पांढरेशुभ्र खडूचे कडे. समुद्र ते सतत खातो, काठावरच्या ओळीतली काही घरं यामुळेच पाडावी लागली. म्हणून वर कडेला जाऊन फोटो काढू नका आणि खाली कड्याला टेकून बसू नका, हे कळकळीने सांगते, कडा कधी सुटेल सांगता येत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, मग बाग आणि समुद्र एका दिवसात उजेडी होत नाही, तेव्हा त्याआधीच या. आम्हाला सूर्यास्त मिळाला. सेव्हन सिस्टर्सचे कडे आधी पिवळे, मग गुलाबी झाले. आई शालीत गुरफटून बघत होती आणि बाबा पाठमोरे उभे राहून नाशिकच्या मित्राला फोनवर सांगत होते, "अरे, झोपलास काय? ऐक, आज मी कुठलं मैदान बघून आलो ते..."