सोबुएत गिंकोच्या बिया खाताना

जपानमधल्या नागोयाहून मेइतेत्सु रेल्वेची गाडी धरली की वाटेत यामाझाकी नावाचं छोटंसं स्टेशन लागतं. नोव्हेंबरच्या शेवटी तिथे उतरलात तर फलाटापासूनच पिवळ्या रंगाला सुरुवात होते. आइची प्रांतातल्या इनाझावा शहराचा हा सोबुए भाग. इथे गिंकोची दहा हजारांहून जास्त झाडं आहेत, आणि ती घरांच्या अंगणात, देवळांच्या आवारात, शेतांच्या कडेला अशी कुठेही भेटतात. हिवाळ्यात इबुकी डोंगराकडून येणारा बोचरा वारा अडवायला जुन्या लोकांनी ती घराभोवती लावली. पुढे बिया विकल्या जाऊ लागल्या, मोठ्या बीची झाडं निवडून कलमं झाली, आणि क्यूजू, किन्बेइ अशा नावाजलेल्या जाती इथेच तयार झाल्या.

पिवळ्या पानांचे फोटो सगळेच काढतात. मला मात्र बिया खायच्या होत्या. बरोबर दादा, वहिनी आणि त्यांची चार वर्षांची मुलगी होती, म्हणून निघायच्या आधीच या बियांबद्दल जमेल तेवढं वाचून ठेवलं होतं.

मादी झाडाखाली गेलात की आधी वास येतो. गळून पडलेल्या फळाच्या गरात ब्युटिरिक आम्ल असतं, खवट लोण्यात असतं तेच. त्याच गरातल्या गिंकोलिक आम्लांनी कातडीला खाज सुटते, पुरळ उठतं, फोड येतात. काजूच्या टरफलातल्या चिकाशी ही आम्लं रसायनाच्या दृष्टीने जवळची आहेत. त्यामुळे तो चीक ज्यांना उततो त्यांनी इथे जास्तच जपावं. बिया गोळा करणारे लोक हातमोजे घालूनच काम करतात. पडलेलं फळ भाचीला उचलू दिलं नाही ते यासाठीच.

पिवळ्या पानांच्या उत्सवाच्या दिवसांत रस्त्याकडेला भाजलेल्या बिया मिळतात. एक आजी दांडी लावलेल्या जाळीच्या डब्यात बिया घालून आचेवर हलवत होत्या. पांढरं कवच तडकलं की चिमट्यासारख्या अडकित्त्यात धरून हलकेच दाबायच्या. त्याच्या जबड्याला खाच असते, म्हणून कवच फुटतं पण आतला गर चेंगरत नाही. मग बोटांनी तपकिरी पापुद्रा सोलायचा आणि वर चिमूटभर मीठ. आत पिवळट, थोडा पारदर्शक, चिवट गर. आधी गोडसर लागतो, मागून किंचित कडू. हंगामाच्या सुरुवातीच्या ताज्या बिया हिरव्यागार असतात, नंतर पिवळ्या पडत जातात. मी पाच-सहा खाल्ल्या आणि हात आवरला. आणखी खाव्याशा वाटत होत्या, हे खरं.

हात आवरायचं कारण बीच्या आतच आहे. तिच्यात गिंकोटॉक्सिन नावाचं द्रव्य असतं. ते जीवनसत्त्व ब-६ च्या कामात आडवं येतं. मेंदूला शांत ठेवणारा गाबा हा पदार्थ तयार व्हायला ब-६ लागतं. ते अडलं की गाबा कमी पडतो आणि आकडी येऊ शकते. बिया खाल्ल्यावर साधारण एक ते बारा तासांत उलट्या, चिडचिड, धाप आणि मग झटके, असा क्रम दिसतो. भाजून किंवा उकडून हे द्रव्य जात नाही, आणि ही गोष्ट खाणाऱ्या प्रत्येकाने पक्की लक्षात ठेवायला हवी. कच्च्या बिया तर तोंडातही घालू नयेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे जपानमध्ये अन्नाची टंचाई होती, तेव्हा अशा विषबाधा बऱ्याच झाल्या आणि मुलं दगावली. पोटात पुरेसं अन्न नसलं की ब-६ आधीच कमी असतं. जपानी नोंदींत लहान मुलांना अवघ्या सात बियांपासून आणि मोठ्यांना चाळीसच्या आसपासपासून त्रास झालेला आढळतो.

तिथे लोक सांगतात की वयाच्या आकड्यापेक्षा जास्त बिया खाऊ नयेत. मला हा हिशेब धोक्याचा वाटतो. सात वर्षांच्या मुलाने सात खाल्ल्या तर तो नोंदींतल्या आकड्यावरच येऊन पोचतो, आणि साठीच्या माणसाने साठ खाव्यात असं कुणी समजदार माणूस म्हणणार नाही. धडधाकट मोठ्या माणसाने दिवसाला मोजक्या पाच-सात खाव्यात, त्यापुढे जाऊ नये, असं माझं मत.

वहिनी म्हणाली, "एखादी दिली तर काय होतंय? बघ ना, कशी टकामका बघतेय."

"नको गं वहिनी, एकही नको. तिला गरम रताळं घेऊ आपण."

पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांना ही बी देऊच नये. फिट येणारे किंवा तापात झटके येऊन गेलेले, खाणं नीट नसलेले, रोज भरपूर दारू पिणारे, यांनीही लांबच राहावं. क्षयावरचं आयसोनियाझिड घेणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण ते औषधही ब-६ कमी करतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी मोह टाळावा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं.

चावानमुशी या अंड्याच्या वाफवलेल्या पदार्थात वाटीच्या तळाशी एखादी बी दडलेली असते. मुलासाठी मागवलीत तर चमच्याने शोधून आधी काढा. आणि कुणी चुकून जास्त खाल्ल्याच, तर जबरदस्तीने उलटी करवू नका, त्यानेच झटका येऊ शकतो. जपानमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११९ फिरवा. किती बिया खाल्ल्या आणि केव्हा, हे आधी सांगा. त्यावरून डॉक्टर ब-६ च्या उपचाराचा निर्णय लवकर घेऊ शकतात.