पॉममध्ये एकच प्लगइन दोनदा

आमचा जावा प्रोजेक्ट मेव्हन या बिल्ड टूलने बांधला जातो. त्याच्या सेटिंग पॉम (pom.xml) या फाइलमध्ये असतात, आणि बिल्डमधलं एकेक काम करणाऱ्या भागाला प्लगइन म्हणतात. गुरुवारी संध्याकाळी टीममधल्या नव्या मुलीचा मेसेज आला, "ताई, बिल्ड पास झालंय, पण सर्व्हिस उठतच नाहीये." स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कला मॅपरचं (एका ऑब्जेक्टमधली माहिती दुसऱ्यात भरणाऱ्या क्लासचं) बीन, म्हणजे त्याने सांभाळायचा ऑब्जेक्ट, सापडत नव्हतं. मॅपस्ट्रक्ट ही लायब्ररी आपण लिहिलेल्या इंटरफेसवरून मॅपरचा कोड स्वतः तयार करते. तो इंटरफेस तर जागेवर होता. टार्गेट फोल्डर उघडून पाहिलं, तर जनरेटेड सोर्सेसमध्ये त्याची इम्पल फाइलच (तयार झालेला क्लास) नाही.

मग बिल्डचा लॉग अगदी वरून वाचायला घेतला. ‘स्कॅनिंग फॉर प्रोजेक्ट्स’च्या खालीच पिवळा इशारा होता: मेव्हन-कंपायलर-प्लगइन, डुप्लिकेट डिक्लरेशन, ओळ १४२. शेवटचं ‘बिल्ड सक्सेस’ बघून आम्ही दोघींनीही लॉग बंद केला होता.

झालं होतं असं. तिने तिच्या ब्रँचमध्ये (कोडच्या वेगळ्या शाखेत) पॉमच्या वरच्या भागात कंपायलर प्लगइन लिहून त्यात मॅपस्ट्रक्टचा प्रोसेसर, म्हणजे कंपाइल होताना कोड तयार करणारा भाग, घातला. मी माझ्या ब्रँचमध्ये लोम्बोकसाठी (गेटर-सेटरसारखा नेहमीचा कोड आपोआप घालणाऱ्या लायब्ररीसाठी) तोच प्लगइन खाली लिहिला. जागा वेगळ्या, त्यामुळे मर्ज करताना गिटने हूं की चूं केलं नाही.

मेव्हन ३ अशा दोन नोंदी नाकारत नाही. इशारा देतं आणि त्या एकमेकींत मिसळतं. दोन्हीकडच्या सेटिंगची नावं वेगळी असली तर सगळं टिकतं, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं खपून जाते. पण प्रोसेसरच्या यादीत दोन्हीकडे ‘पाथ’ हाच टॅग होता. इफेक्टिव्ह पॉम (सगळं मिसळून मेव्हन प्रत्यक्षात वापरतं तो) काढून पाहिला, तर त्यात एकटा लोम्बोक उरलेला. आणि ही यादी एकदा दिली की जावाचा कंपायलर क्लासपाथवर (प्रोजेक्टच्या लायब्ररींच्या यादीत) दुसरे प्रोसेसर शोधत बसत नाही. मॅपस्ट्रक्ट चाललाच नव्हता.

खालची नोंद काढली आणि वरच्या एकाच नोंदीत दोन्ही पाथ लिहिले. लोम्बोक १.१८.१६ किंवा त्यापुढचा असेल तर दोघांना जुळवून घेणारं लोम्बोक-मॅपस्ट्रक्ट-बाइंडिंगही तिथेच लागतं, तेही घातलं. इम्पल फाइल आली, सर्व्हिस उठली.

त्या मुलीला मी स्पष्ट सांगितलं की यात तिची चूक नाही. दोघींचे बदल आपापल्या जागी बरोबर होते. आता सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड चालवणाऱ्या यंत्रणेत) एक पायरी वाढवली आहे: लॉगमध्ये ‘डुप्लिकेट डिक्लरेशन ऑफ प्लगइन’ दिसलं की बिल्ड लाल, म्हणजे नापास.

त्या पायरीने दुसऱ्याच दिवशी आणखी एका मॉड्यूलमध्ये अँटरन प्लगइन (मेव्हनमधून अँट या जुन्या बिल्ड टूलची कामं चालवणारा) दोनदा पकडला. तिथे दोन खरोखर वेगळी कामं होती, म्हणून प्लगइन एकच ठेवून त्याखाली दोन एक्झिक्युशन (एकाच प्लगइनच्या वेगवेगळ्या फेऱ्या) केली, प्रत्येकाला स्वतःचा आयडी देऊन. तो बदल तिनेच केला.