पाऊस उघडला, तरी चित्र आलं नाही

राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या एका शाळेची नोंदवही आमच्या हातात होती. टीव्हीवरचा पाठ किती मिनिटं दिसला आणि का बंद पडला, हे बाई रोज लिहून ठेवायच्या. 'कारण' या रकान्यात जून-जुलैची पानंच्या पानं एकच शब्द: पाऊस.

विद्यापीठातल्या आमच्या गटात भौतिकशास्त्र, माध्यम अभ्यास आणि शिक्षण धोरण अशा तिन्ही विषयांची माणसं आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात डिजिटल दरी भरून काढण्यासाठी दूरदर्शन आणि रेडिओ भरपूर वापरावेत असं म्हटलं आहे. त्याच वर्षी पीएम ई-विद्याच्या इयत्तावार वाहिन्या जाहीर झाल्या. त्या किनाऱ्यावरच्या वर्गापर्यंत खरोखर पोचतात का, हे आम्ही बघत होतो. नोंदवही जशीच्या तशी मानली असती, तर 'कोकणात उपग्रह चालत नाही' हा निष्कर्ष लिहून मोकळं होता आलं असतं.

पावसाने सिग्नल पडतो हे खरंच आहे. या वाहिन्या ज्यावर दिसतात त्या डीडी फ्री डिशचं, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत डीटीएच सेवेचं, प्रक्षेपण ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून, ११ गिगाहर्ट्झच्या आसपास येतं. इथे छत्रीचं, म्हणजे डिश अँटेनाचं, तोंड आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर ठेवावं लागतं. त्या तिरक्या वाटेने लहरी पावसाच्या थरातून पाच-सहा किलोमीटर येतात. ताशी ५० मिलिमीटरच्या जोराने पडणारा पाऊस किलोमीटरमागे दीड ते दोन डेसिबल (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) खातो. सरीचा जोर सगळ्या वाटेवर सारखा नसतो, त्यामुळे सरळ गुणाकार करायचा नाही. तरीही ६० सेंटिमीटरच्या छत्रीकडे असलेली सहा-सात डेसिबलची शिल्लक मोठ्या सरीत संपते. डिजिटल चित्र हळूहळू मुंग्या येत बिघडत नाही. आधी चौकोन तुटतात, मग पडदा काळा.

पण सर ओसरली की सिग्नल काही मिनिटांत वर यायलाच हवा. छत्रीवर आणि एलएनबीच्या, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या, तोंडावर पाण्याचा पापुद्रा राहतो, तो धरला तरी फार तर अर्धा तास.

म्हणून शाळेच्या आवारात दोन यंत्रं लावली होती: दर ०.२ मिलिमीटर पावसाला आतली वाटी कलंडून नोंद करणारं पर्जन्यमापक आणि दर मिनिटाला सिग्नलची गुणवत्ता नोंदवणारं मीटर. पर्जन्यमापक माड-आंब्यांपासून त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट लांब हवं. फार मोठ्या पावसात कलंडता कलंडता थोडं पाणी निसटतं आणि नोंद कमी येते, म्हणून शेजारी साधं मोजपात्रही ठेवलं. आणि दोन्ही यंत्रांची घड्याळं जुळलेली हवीत. पाच मिनिटांचा फरक असला तरी कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे कळत नाही.

त्या दिवशी, पुनर्वसू नक्षत्रातच, सव्वा अकराला जी सर आली तिने मिनिटाला चार-पाच कलंडण्या दिल्या, म्हणजे ताशी ५०-६० मिलिमीटर. सिग्नल १२ डेसिबलवरून ५ वर आला, चित्र गेलं. इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे. पावणेबाराला पाऊस उघडला, साडेबाराला कौलांवर ऊन होतं, आणि मीटर सहाच्या वर सरकायला तयार नव्हतं. बाई म्हणाल्या, "सर, हे नेहमीचंच. आता उद्या दुपारनंतर येईल."

'उद्या दुपारनंतर' हे शब्द ऐकले आणि आम्ही शिडी मागवली.

आधी व्होल्टेज. सेट-टॉप बॉक्समधून एलएनबीला उभ्या ध्रुवणासाठी (उभ्या कंपनाच्या लहरींसाठी) साधारण १३ आणि आडव्यासाठी १८ व्होल्ट केबलमधूनच जातात. छत्रीकडचं टोक सोडवून मोजलं तर १३.२ आले, म्हणजे वरवर सगळं ठीक. इथेच पुष्कळ जण फसतात: टोक मोकळं असताना प्रवाह वाहत नाही, त्यामुळे सडलेला जोडसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मध्ये टी-जोड घालून एलएनबी चालू ठेवून मोजले, तेव्हा ९.६ आले. वीस मीटर केबलमध्ये एवढी घट होत नाही; चांगल्या केबलमध्ये ती अर्ध्या व्होल्टच्या आत राहते.

बॉक्सचा प्लग काढून केबल हाताने चाचपत आलो. पडवीच्या कडेला, बरोबर पागोळ्यांखाली, तिला दुसरा तुकडा जोडलेला होता. वर काळी चिकटपट्टी. ती सोडवली तर आतून चमचाभर पाणी गळलं. ॲल्युमिनियमच्या जाळीची पांढरी भुकटी झालेली, मधल्या तारेवर हिरवा थर, आणि तार बोटाने वाकवताच तुटली. अशा केबलची मधली तार बहुधा पोलादाची असते, वर तांब्याचा पातळ मुलामा. उच्च वारंवारतेचा सिग्नल त्या मुलाम्यातूनच जातो. खारं वारं, साचलेलं पाणी आणि तारेवर अखंड धन (प्लस) विद्युतदाब असला की विद्युत-अपघटनाने तांबं विरघळत जातं. ऊन पडून जोड सुकला की सिग्नल परत येतो, म्हणून दुरुस्तीला कुणी बोलावतच नाही.

जोड दिलेली जुनी केबल काढली आणि छत्रीपासून बॉक्सपर्यंत एकच अखंड तुकडा टाकला. दाबून बसवायचे कनेक्टर, त्यात सिलिकॉन ग्रीस. बाहेरून स्वतःत चिकटणारी रबरी पट्टी, खालून वर गुंडाळलेली. कौलं शाकारतात तशीच, वरचा पदर खालच्यावर. काळी पट्टी एका पावसाळ्यात गोंद सोडते, ती नकोच. कनेक्टरच्या आधी केबलला खाली झोल दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं.

संध्याकाळी बाईंनी मागच्या नोंदी आमच्या पर्जन्यमापकाशी ताडून पाहिल्या. 'पाऊस' लिहिलेल्या कित्येक तासिकांना आकाश कोरडं होतं. चूक बाईंची नव्हती. रकान्यात एकच शब्द मावत होता. आम्ही तिथेच नवे रकाने आखले: चित्र किती वाजता गेलं, किती वाजता आलं, तेव्हा पाऊस पडत होता का. खाली एक सूचनाही लिहिली: सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास, निरभ्र आकाशातही, काही मिनिटं चित्र जाईल, सूर्य तेव्हा उपग्रहाच्या मागे येतो.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासिकेला पुन्हा तसाच पाऊस कोसळला. चित्र गेलं. सर ओसरून सात मिनिटं झाली आणि सातवीचा विज्ञानाचा पाठ पुन्हा सुरू झाला. बाईंनी दोन्ही वेळा लिहिल्या.