आखाडातला शेवटचा रविवार

दीप अमावास्या झाली की श्रावण, आणि श्रावणात सोलापुरातल्या कितीतरी घरांत मटण बंद. त्यामुळे आखाडातल्या शेवटच्या रविवारी आमच्या परमिट रूमचा नॉन-एसी हॉल संध्याकाळी सातलाच भरतो. मी तिथं मॅनेजर आहे. एसी हॉलपेक्षा हा हॉल मला जवळचा, कारण इथलं गिऱ्हाईक मेनूकार्ड उघडत नाही, आधी रक्कम सांगतं.

त्या रविवारी पाच जण आले. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल कारखान्यांचे कामगार. दोघं तेलुगू, एक कानडी, दोघं मराठी, आणि गप्पा तिन्ही भाषांत. "साहेब, प्रत्येकी पाचशे काढलेत. अडीच हजारात बसवा बगा."

अशी रक्कम बसवायला मला मनापासून आवडतं. जेवणावर पाच टक्के जीएसटी लागतो. दारूवर जीएसटी नाही, पण व्हॅट आहे, आणि परमिट रूममध्ये तो २०२३ च्या नोव्हेंबरपासून पाचाचा दहा टक्के झाला. म्हणून सुटे पेग सांगू दिले नाहीत. आमच्याकडे क्वार्टर त्याहून स्वस्त पडते. दोन क्वार्टरचे साठ मिलीचे सहा पेग होतात, चौघांना पुरे. पाचवे अण्णा, सगळ्यांत वयस्कर, घेत नव्हते. चकण्याला भाजके शेंगदाणे आणि कांदा. मग एक फुल हंडी मटण, रस्सा लागेल तेवढा, शेंगाचटणी आणि ज्वारीच्या भाकऱ्या. मटण चवीला, पोट भरायला भाकरी आणि रस्सा. पाचशेत माणूस दोन तास मित्रांत बसून तृप्त उठला पाहिजे, हे माझं कामच आहे असं मी मानतो.

आठच्या सुमाराला भाकरीवाल्या मावशींचा फोन आला. मुलीला कळा सुरू झाल्या होत्या, त्या तिला घेऊन सिव्हिलला निघाल्या होत्या. "भाकरीचं बगा काहीतरी," एवढंच बोलल्या. मी म्हटलं, तुम्ही इकडची काळजी सोडा.

तंदूर चालू होता, पण तंदूरची रोटी रस्सा पीत नाही. पोऱ्याला कडक भाकरीची पाकिटं आणायला पिटाळलं. ती रश्शात कुस्करली की झकास लागते, एसी हॉल त्यावर निभावणार होता. नॉन-एसीत मात्र टेबलाटेबलाला जाऊन खरं काय ते सांगत गेलो.

पाचांच्या टेबलावर सांगितलं तर अण्णा उठलेच. "पीठ कुठंय? चला, दाखवा."

ते घेत असते तर मी त्यांना किचनच्या दारातही उभं केलं नसतं. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, टोपी-अॅप्रन चढवला आणि चिमूटभर पीठ ओलं करून बोटांत दाबून पाहिलं. "विरी कमी आहे, पीठ चिकटत नाही. आधण ठेवा." उकळतं पाणी घालून पीठ जरा झाकलं, मग तळहाताच्या टाचेनं मळमळ मळलं. परातीत भाकरी थापायला लागले तेव्हा आमचे दोन्ही आचारी बघत उभे राहिले. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, मग जाळावर टम्म फुगली.

हे कुठं शिकलात, मी विचारलं. म्हणाले, "घरात बायको विड्या वळायची. हजारावर मजुरी. हजार भरल्याशिवाय ती उठणार कशी? मी पाळीवरून आलो की भाकऱ्या माझ्याकडं."

विडीवाल्या बायकांबद्दल या शहरात बरंच बोललं जातं. चुलीपुढं बसणाऱ्या त्यांच्या नवऱ्यांबद्दल मी तोवर एक शब्द ऐकला नव्हता.

आधी त्यांनी आपल्या टेबलापुरत्या भाकऱ्या केल्या, मग शेजारच्या, मग थांबेचनात. मित्र आलटून पालटून दाराशी येऊन तेलुगूत काहीतरी ओरडत, अण्णा आतून उत्तर देत. त्यांचं मटण मी झाकून बाजूला काढून ठेवलं आणि शेवटी ओढूनच त्यांना टेबलावर नेलं. चौघंही जेवायचे थांबले होते.

मालक म्हणाले, यांचं बिल घेऊ नका. अण्णांनी ऐकलं नाही. "ठरवून आलोय. पाचशे म्हणजे पाचशे." मी फक्त भाकऱ्यांची ओळ बिलातून काढली, कारण त्या आम्ही विकल्याच नव्हत्या. त्यामुळे थोडे पैसे उरले. कानडी मित्रानं ते मोजून माझ्या हातात दिले, म्हणाला, मावशींच्या मुलीला द्या. मुलगी झाली होती.