दुधाचा हिशेब

रविवारी साताऱ्याहून परतल्यापासून आत्याच्या स्वयंपाकघरातले कालनिर्णय डोळ्यांसमोरून हलत नाही. रोजच्या चौकटीत ती दुधाचा हिशेब लिहिते: अर्ध्या लिटरला दोन उभ्या रेघा आणि पाहुणे असले की दीड, तोही जुन्या पद्धतीने, एकापुढे त्याच दोन रेघा ओढून. जुलैपर्यंत एकही चौकट रिकामी नाही. ऑगस्टमध्ये मधलेच चार दिवस कोरे, मग एकाच तारखेत तीनदा रेघा, आणि सप्टेंबरचे पान तर उलटलेलेच नव्हते. फ्रीजमध्ये दुधाच्या सहा पिशव्या होत्या, त्यांतल्या खालच्या दोन फुगलेल्या. जिने पै-पैचा हिशेब ठेवला, ती आता दूधवाला सांगेल तेवढे पैसे देत असणार.

मला हे आधी का दिसले नाही, असे दोन दिवस स्वतःला विचारते आहे. खरे लिहायचे तर दिसले होते. होळीला पुरणात गूळच पडला नव्हता, तेव्हा आम्ही ते हसण्यावारी नेले. मे महिन्यात करपलेले चहाचे पातेले फडताळात डब्यांमागे दडवलेले सापडले, तेव्हा मी ते निमूटपणे घासून ठेवले. तिने माझ्यापासून लपवले आणि मी स्वतःपासून, कारण मान्य केले असते तर काहीतरी करावे लागले असते. दादाला तिकडे बसून सल्ले देणे सोपे आहे. धावपळ माझ्याच वाट्याला येते, आणि त्या धावपळीत मी... जाऊ दे.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितले आहे. बी-१२, थायरॉइड आणि सोडियम कमी-जास्त झाले तरी असा विसराळूपणा येतो, लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळीने सोडियम उतरू शकते आणि यांतले काही उपचाराने सुधारते, असे ते म्हणाले. मी ती पाकिटे मोजली, तर महिन्याकाठी नऊ गोळ्या जास्तीच्या उरलेल्या. रिपोर्ट काहीही आला तरी तिला आता एकटीने सगळे उरकणे जमत नाही, हे त्या नऊ गोळ्यांनी सांगितलेच आहे, आणि ते मान्य केल्यावर, आश्चर्य वाटेल, पण काल रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

आज फोनवर मी तिला विचारले, की सकाळी दोन तास स्वयंपाकाला आणि गोळ्या द्यायला एक मावशी ठेवू का. ती चिडेल, "मी काय पांगळी झाले का?" म्हणेल, म्हणून उत्तरे जुळवून बसले होते. ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "अगं, तिला दुधाचं लिहिता येईल ना?"